मोजपट्टी काढून घेतली की गरिबी जाते?

टेस्ट सारखी फेल होते आणि रिलीज उद्यावर आलंय, अशा वेळी बग शोधण्याऐवजी टेस्टच काढून टाकायची, ही आमच्या धंद्यातली जुनी लबाडी. मीही एकदा केली आहे. ब्रिटनमधल्या बालदारिद्र्याचा इतिहास वाचताना ती सारखी आठवत राहिली.

१८९९ साली सीबोम राउंट्री या चॉकलेट कारखानदाराच्या मुलाने यॉर्क शहरातल्या ११,५६० कामगार कुटुंबांची घरोघर पाहणी करवली. त्याची दारिद्र्यरेषा कमालीची कडक होती. तिच्यात पोटापुरतं अन्न, भाडं, कपडे आणि जळण एवढंच धरलं होतं. वर्तमानपत्र, पोरांच्या गोट्या-बाहुल्या यांना एक पेनीही नाही. तरी शहरातला जवळजवळ दर दहावा माणूस तिच्याखाली निघाला. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या घरचा कर्ता रोज कामावर जात होता, पण त्याची मजुरी पुरत नव्हती. म्हणजे 'गरीब आळशी असतात' हे उत्तर तेव्हाच बाद झालं होतं.

१९५०च्या पाहणीत राउंट्रीलाच गरिबी जवळपास संपलेली दिसली. १९६५मध्ये एबल-स्मिथ आणि टाउनसेंड यांनी ती पुन्हा दाखवून दिली. त्यांचा मुद्दा असा, की गरिबी आजूबाजूच्या जगण्याच्या तुलनेतच मोजायला हवी. वर्गातली सगळी मुलं सहलीला जातात आणि एक घरी राहतं, तेव्हा त्याचं पोट भरलेलं असूनही ते गरीबच असतं. गोट्या हिशेबात धरायच्या की नाही, हाच खरा वाद होता.

१९९९मध्ये टोनी ब्लेअरनी वीस वर्षांत बालदारिद्र्य संपवण्याचं वचन दिलं. २०१०च्या कायद्याने त्याला उद्दिष्टं जोडली. त्यातलं मुख्य माप होतं मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्क्यांचं. २०१६मध्ये नव्या सरकारने ती उद्दिष्टं रद्द केली आणि कायद्याच्या नावातूनही 'बालदारिद्र्य' हा शब्द काढला. आकडे मात्र प्रसिद्ध होत राहिले, कारण लॉर्ड्स सभागृहाने तो आग्रह सोडला नाही.

म्हणूनच आज कळतं, की २०२३-२४मध्ये निवासाचा खर्च वजा जाता सुमारे ४५ लाख मुलं या रेषेखाली होती. त्यातल्या बहुतेकांच्या घरात कोणी ना कोणी कामावर जातं, अगदी १८९९च्या यॉर्कसारखंच.

मी काढून टाकलेल्या टेस्टमधला बग पुढे ग्राहकाला सापडला. इथे तो रोज सापडतो, शाळेत उपाशी येणाऱ्या पोराला.