कामावर चोरीचा पहिलाच आरोप : अटक, जामीन आणि मोफत वकील

गोदाम, मॉल, हाऊसकीपिंग, घरकाम, सिक्युरिटी. आपल्या वस्त्यांतील हजारो तरुण अशा कामांवर आहेत. तिथे काही हरवले की पहिला संशय कंत्राटी कामगारावर येतो. आरोप खरा असो वा खोटा, पहिल्या दोन दिवसांत काय केले यावर पुढचे बरेच अवलंबून असते. कार्यकर्त्यांना माहीत असावे असे मुद्दे येथे देत आहोत.

कोणते कलम लागते?
१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साध्या चोरीला कलम ३०३, नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरल्यास कलम ३०६ आणि सोपवलेल्या मालाचा वा पैशाचा अपहार केल्यास कलम ३१६(४) लागते. शेवटच्या दोन्हींत ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. "पाच हजारांच्या आतली चोरी असेल तर फक्त समाजसेवा" असे सांगितले जाते, ते अर्धसत्य आहे. ही तरतूद कलम ३०३ मध्ये आहे, ३०६ मध्ये नाही. शिवाय माल परत करणे ही अट आहे.

मालकाच्या केबिनमध्ये
कोऱ्या कागदावर, कबुलीपत्रावर किंवा राजीनाम्यावर दबावाखाली सही करू नये. पोलिसांपुढील कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही; मॅनेजरला लिहून दिलेली कबुली मात्र वापरली जाऊ शकते. कामगाराला कोंडून ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. जातीवरून अपमान झाला असेल तर वेळ, जागा आणि साक्षीदार लगेच लिहून ठेवावेत. ॲट्रॉसिटी कायद्याखालील तक्रारीसाठी ही नोंद उपयोगी पडते.

पोलीस ठाण्यात
७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही. अर्नेश कुमार खटल्यात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. अटकेची गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. ती आली तर टाळू नये. गैरहजेरी अटकेचे कारण होते. अटक झालीच तर कारण सांगणे, नातेवाइकाला कळवणे, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे बंधनकारक आहे.

मोफत वकील
विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, महिला आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींनाही केंद्राच्या यादीत स्थान मिळाले. म्हणून जातीचा दाखला येथेही कामी येतो. अर्ज तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा; हेल्पलाइन १५१०० आहे. या वकिलाला फी द्यायची नसते.

पहिल्या गुन्ह्याला सवलत
पूर्वी कधीही शिक्षा न झालेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात राहिला तर कलम ४७९ नुसार बंधपत्रावर सुटू शकतो; एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. दोष सिद्ध झाला तरी १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमानुसार न्यायालय समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. आरोपी २१ वर्षांखालील असेल तर तुरुंगात पाठवण्याची कारणे न्यायाधीशांना नोंदवावी लागतात. ही मागणी वकिलाने शिक्षेच्या सुनावणीत करायला हवी. आपण त्यांना आठवण करावी. न्यायालयाच्या परवानगीने मालकाशी तडजोडही होऊ शकते आणि तिचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच असतो. "गुन्हा कबूल कर, दंड भरून सुटशील" हा सल्ला मात्र वकिलाला विचारल्याशिवाय मानू नये. कबुलीने दोषसिद्धीची नोंद होते आणि ती पुढच्या नोकरीत आडवी येते.

नोकरीचे काय?
कंपनीची खातेनिहाय चौकशी वेगळी चालते. कारणे दाखवा नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यावे. स्थायी आदेश लागू असतील तर निलंबनात पहिले ९० दिवस निम्म्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो.

न दिलेले घेऊ नये, हे आपले दुसरे शील. ते मोडणाऱ्याला सुधारण्याची वाट असावी, आणि न मोडणाऱ्यावर चोराचा शिक्का बसू नये. विहारात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी १५१०० हा क्रमांक लावा आणि वस्तीतल्या एका तरी मुलाला तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीचे कार्यालय दाखवून आणा.