टोलनाक्यावरची रांग

एका पुलावर टोलनाका आहे. नाक्यासमोर रांग लागली आहे. तिच्यात ट्रक आहेत, बसगाड्या आहेत. ट्रकच्या बाबतीत माल किती हे नोंदवायचं, बसच्या बाबतीत प्रवासी किती हे. रांगेला मात्र त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. आपल्या पुढे कोण आणि मागे कोण, एवढंच तिला पुरतं.

१९६६-६७च्या हिवाळ्यात ओस्लोच्या नॉर्वेजियन कंप्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर हे दोघे याच उदाहरणाशी झटत होते. त्यांची 'सिम्युला' ही भाषा मुळात अशाच गोष्टींची संगणकावर नक्कल करण्यासाठी होती. टोनी होअर यांनी १९६५मध्ये मांडलेली 'रेकॉर्ड क्लास'ची कल्पना त्यांना आवडली होती. पण तीत वेगवेगळ्या जातींच्या वस्तू एका रांगेत लावायच्या, तर रांगेच्या प्रोग्रॅमला प्रत्येक जात आधीपासून ठाऊक हवी. उद्या रिक्षा आली, तर रांगच नव्याने लिहावी लागणार!

उत्तर निघालं ते असं : पुढे-मागे जोडण्यापुरता भाग एकदाच, 'लिंक' नावाच्या क्लासमध्ये लिहायचा आणि ट्रक, बस यांच्या व्याख्येआधी त्याचं नाव उपसर्गासारखं जोडायचं. ट्रक म्हणजे लिंक, अधिक ट्रकचं स्वतःचं काही. आज आपण याला 'इनहेरिटन्स' म्हणतो. पाठ्यपुस्तकांत ते प्राण्यांच्या वंशावळीसारखं शिकवतात – कुत्रा हा सस्तन प्राणी, वगैरे. प्रत्यक्षात त्याचा जन्म निरनिराळ्या वस्तू एकत्र ठेवण्याच्या गरजेतून झाला.

ठेवण्याचा प्रश्न सुटला, पण काढण्याचा उरला. रांगेतून बाहेर आलेली वस्तू फक्त 'लिंक' असते. तिचा माल मोजायचा की प्रवासी? सिम्युला ६७मध्ये याला दोन उत्तरं होती. एक, जात विचारून पाहणं; त्यासाठी 'इन्स्पेक्ट' हे विधान होतं. दुसरं, 'व्हर्च्युअल' प्रोसिजर : 'टोल सांग' एवढंच म्हणायचं, हिशोब ज्याचा त्याने करायचा. सत्तरच्या दशकात झेरॉक्स पार्कमधल्या 'स्मॉलटॉक'ने हा दुसरा रस्ता टोकाला नेला. तिथे यादीत काहीही टाका. निरोप कळला नाही, तर वस्तू तसं सांगते.

१९९६च्या 'जावा'ने जुनीच तडजोड पत्करली. तिच्या 'व्हेक्टर'मध्ये कुठलाही ऑब्जेक्ट जाई, पण बाहेर येताना त्याची ओळख पुसलेली असे. 'ही बसच आहे' असं प्रोग्रॅमरने लिहून द्यायचं आणि तो ट्रक निघाला, तर चालता प्रोग्रॅम अडखळायचा. २००४च्या जावा ५मध्ये जेनेरिक्स आले, तेव्हा ही तपासणी कंपायलरकडे गेली.

हे झालं स्मरणातल्या यादीचं. तीच यादी डिस्कवर साठवायची, तर वस्तूसोबत तिची जातही लिहावी लागते. नाहीतर परत वाचताना ट्रक बनवायचा की बस, हे कळणार कसं? १९९७मध्ये जावा १.१ने 'सिरियलायझेशन' देऊन हे काम फारच सोपं केलं. एका आज्ञेत अख्खी मिश्र यादी, तिच्यातल्या वस्तूंना जोडलेल्या इतर वस्तूंसकट, बाइट्सच्या माळेत उतरते. माळेत प्रत्येक वस्तूच्या क्लासचं नाव असतं. वाचणारा प्रोग्रॅम ते नाव वाचतो, तो क्लास शोधतो आणि वस्तू उभी करतो.

म्हणजे कुठली वस्तू जन्माला यावी, हे फाइल ठरवते. आणि फाइल अनोळखी माणसाने पाठवलेली असली तर? 'ही बसच आहे ना?' हा प्रश्न विचारला जातो तो वस्तू तयार झाल्यानंतर. नाक्यावरचा शिपाई गाडी आत आल्यावर कागदपत्रं मागतो, तसं. २०१५मध्ये ख्रिस फ्रोहॉफ आणि गेब्रिएल लॉरेन्स यांनी दाखवून दिलं, की 'अपाची कॉमन्स कलेक्शन्स' या सर्रास वापरल्या जाणाऱ्या संग्रहातलेच क्लास विशिष्ट क्रमाने गुंफले, तर नुसती माळ वाचताना समोरच्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवता येते. त्या क्लासांपैकी एकही मुळात घातक म्हणून लिहिलेला नव्हता.

२०१७च्या जावा ९मध्ये चाळणी आली : कुठल्या जातींना प्रवेश द्यायचा, हे वाचणाऱ्याने आधीच सांगायचं. पुढच्याच वर्षी जावाचे मुख्य शिल्पकार मार्क राइनहोल्ड यांनी १९९७चा तो निर्णय ही भयंकर चूक होती, असं जाहीरपणे म्हटलं. मायक्रोसॉफ्टने २०२४मध्ये डॉटनेट ९मधून 'बायनरी फॉर्मॅटर' हे आपलं तशाच प्रकारचं साधन काढून टाकलं.

आता बरेच जण जेसनसारख्या साध्या मजकुरात माहिती साठवतात आणि शेजारी एक चिठ्ठी डकवतात : 'प्रकार – बस'. चिठ्ठी वाचून कुठला क्लास बनवायचा, याचा तक्ता वाचणाऱ्याच्या हातात असतो. तक्त्यात नाव नसेल, तर गाडी पुलाच्या अलीकडेच थांबते. नवी जात आली, की तक्त्यात एक ओळ वाढवावी लागते. जे कष्ट डाल आणि न्यूगोर यांनी रांगेसाठी वाचवले होते, ते साठवणीच्या दारात आपण पुन्हा जाणूनबुजून घेतो आहोत. एका पुलाच्या आत सगळी वाहनं आपलीच असतात. फाइल मात्र कुठूनही येऊ शकते.