खजिन्याचं शेपूट

आजीच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव आहे. तांब्याच्या काठाखाली, परातीच्या कडेला, डब्याच्या झाकणावर बारीक ठिपक्यांची अक्षरं आहेत: कुणाकडून, कुणाला, कधी. लग्नातले आहेर, मुंजीतले आहेर, एका बारशाची वाटी. चित्रकलेची पदवी हातात पडली त्या उन्हाळ्यात मी ही भांडी काढायला बसले. मोठ्या कॅनव्हासवर नाही, एका ए-फोर कागदावर. त्या कागदाचं मला आठ पानी पुस्तक करायचं होतं.

हे पुस्तक करायला सुईदोरा लागत नाही, गोंद लागत नाही. कागदाला एक उभी आणि तीन आडव्या घड्या घालायच्या, की आठ चौकोन पडतात. मग तो मधोमध दुमडायचा आणि दुमडलेल्या बाजूने मधल्या घडीवर एक चौकोन संपेपर्यंत कात्री चालवायची. उलगडून लांबीत मिटला आणि दोन्ही टोकं आत ढकलली की चीर उघडते, कागदाची चौफुली उभी राहते. ती एका अंगाला वळवली की पुस्तक झालं. पहिल्या वेळी मी आठही चौकोन सरळ काढले. झेरॉक्सच्या दुकानातच एक प्रत दुमडून पाहिली, तर अर्धी भांडी डोक्यावर उभी. दुकानातल्या काकांनी कागद उलगडला, क्षणभर पाहिला आणि म्हणाले, "ताई, वरची ओळ उलटी लावायची. छापखान्यात फर्मा असाच लावतात." घरी येऊन मी वरचे चारही चौकोन नव्याने काढले.

अशा पुस्तकाला झाइन म्हणतात. स्वतः लिहायचं, स्वतः काढायचं, मिळेल त्या यंत्रावर थोड्या प्रती काढायच्या आणि हाताने किंवा टपालाने वाटायच्या. हा शब्द माझ्या पिढीला इंटरनेटवरून मिळाला, म्हणून तो कालपरवाचा वाटतो. त्याचं कूळ शोधायला गेले आणि आपल्याच घरात येऊन पोचले.

झाइन हे 'मॅगझिन'चं शेपूट. मॅगझिन युरोपात गेलं अरबीतून. अरबी 'मख्झन' म्हणजे कोठार, साठवणीची जागा. तिथून ते इटालियनमध्ये, फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत आलं. बंदुकीच्या गोळ्या भरायच्या खोक्याला आजही मॅगझिन म्हणतात, ते याच अर्थाने. 1731 साली एडवर्ड केव्ह या लंडनच्या मुद्रकाने आपल्या मासिकाला 'द जेंटलमन्स मॅगझिन' असं नाव दिलं. नाना ठिकाणचा मजकूर साठवलेलं कोठार, असा त्याचा रोख होता. तेव्हापासून मॅगझिन म्हणजे नियतकालिक. मख्झन ज्या अरबी धातूपासून आला, त्याच धातूचा दुसरा शब्द फारसीतून मराठीत आला आणि इतका मुरला की परका वाटेनासा झाला. तो शब्द म्हणजे खजिना. झाइन आणि खजिना ही लांबची भावंडं आहेत. खजिन्यातले ज आणि न अजून झाइनमध्ये ऐकू येतात.

शेपूट तुटलं अमेरिकेत. ह्यूगो गर्न्सबॅकने 1926 साली 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचं मासिक काढलं आणि वाचकांच्या पत्रांखाली त्यांचे पूर्ण पत्ते छापले. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. पत्ता छापल्याबरोबर वाचक संपादकाला सोडून एकमेकांना लिहू लागले. पत्रांची मंडळं झाली, आणि 1930 च्या मे महिन्यात शिकागोच्या अशाच एका मंडळाने 'द कॉमेट' नावाचं पत्रक काढलं. या जातीचं ते पहिलं मानतात. पुढे अशी पत्रकं इतकी झाली की त्यांना नाव हवं झालं. 1940 च्या ऑक्टोबरमध्ये रस शोव्हने या तरुणाने आपल्या 'डीटूर्स' या पत्रकात 'फॅन' आणि 'मॅगझिन' जोडून 'फॅनझिन' हा शब्द वापरला. शोव्हनेला लहानपणीच ऐकू येईनासं झालं होतं. कागदावरच्या गप्पांची किंमत त्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक असणार, असं मला वाटतं. पुढे 'फॅन'ही गळून पडलं, कारण हे कागद काढणारे सगळेच कुणाचे चाहते उरले नव्हते.

चित्रांच्या बाजूने पाहिलं तर माझं मन क्लीव्हलंडच्या दोन शाळकरी मुलांपाशी थांबतं. जेरी सीगल लिहायचा, जो शुस्टर चित्रं काढायचा. 1933 च्या जानेवारीत त्यांच्या घरगुती सायक्लोस्टाइल पत्रकाच्या तिसऱ्या अंकात 'द रेन ऑफ द सुपरमॅन' ही सचित्र कथा आली. त्यातला सुपरमॅन खलनायक होता, टकला होता. पाच वर्षांनी, 1938 साली, 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात जो आला तो पुढे जगभर गेला. पण त्याचं नाव आधी शाळकरी पोरांच्या शाईने माखलेल्या कागदावर उमटलं होतं.

आणि इथेच यंत्राची गोष्ट येते. झाइनसाठी म्हणून कुणी यंत्र बनवलेलं नाही. यंत्रं बनली कचेऱ्यांसाठी: परिपत्रकं, दरपत्रकं, हजेरीचे तक्ते काढायला. एडिसनने 1876 साली विजेच्या लेखणीचं पेटंट घेतलं. तिच्या टोकाची सुई वरखाली नाचत कागदाला भोकं पाडत जायची. मग त्या भोकांतून शाई दाबली की खालच्या कागदावर अक्षरं उमटायची, ठिपक्याठिपक्यांची. हे वाचलं तेव्हा मी पुन्हा आजीच्या परातीकडे गेले. भांडीवाल्याच्या दुकानातली ती टर्रर करणारी सुई धातूवर करते तेच काम. दोघींचं नातं असल्याचा दावा मी करत नाही, पण हात तोच आहे. 1881 साली लंडनमध्ये डेव्हिड गेस्टेटनर या मूळच्या हंगेरियन माणसाने सुईऐवजी इवलंसं दातेरी चाक लावलं. मेणकागदावर ते फिरवत लिहायचं. चाक म्हणजे सायकल, म्हणून सायक्लोस्टाइल. आपल्याकडच्या शाळांत आणि युनियनच्या ऑफिसांत 'स्टेन्सिल कापायची' म्हणत ती हीच.

दिवसा कचेरीत राबणारं यंत्र सुट्टीनंतर कुणा तरुणाच्या हाती लागलं की झाइन जन्माला येतं. कुळाच्या प्रत्येक पिढीत हेच घडलेलं दिसतं. लंडनमध्ये 1976 च्या उन्हाळ्यात मार्क पेरी या बँकेतल्या कारकुनाने रमोन्स या पंक बँडने झपाटून जाऊन 'स्निफिन ग्लू' काढलं. मथळे मार्करने, मजकूर टंकयंत्राने, चुका खोडून तशाच. पहिल्या अंकाच्या पन्नासेक प्रती त्याच्या मैत्रिणीने आपल्या ऑफिसच्या झेरॉक्सवर काढल्या. वर्षभरात खप हजारांवर गेला, तेव्हा पेरीने ते बंद केलं. पंकच्या झाइनांचा तो कापाकापीचा, वाकडातिकडा चेहरा आज दागिन्यासारखा मिरवला जातो. तेव्हा ती हाताशी असलेल्या यंत्राची कुवत होती, एवढंच.

मुंबईत हे त्याच्या वीसेक वर्षं आधीच घडलं होतं. 1950 च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी 'शब्द' काढलं ते सायक्लोस्टाइल करून. साठच्या दशकात 'असो', 'वाचा', 'फक्त', 'येरू' आली. अलाहाबादेत 1965 साली अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी 'डॅम यू' सायक्लोस्टाइलवरच काढलं. आपल्याकडे या जातीला जे नाव पडलं ते मला झाइनपेक्षा कितीतरी नेमकं वाटतं: अनियतकालिक. म्हणजे ज्याला ठरलेला काळ नाही. पैसे जमले, मजकूर जमला, यंत्र मिळालं की निघेल. इंग्रजी शब्द कोठाराची आठवण सांगतो, मराठी शब्द काढणाऱ्याची परिस्थिती सांगतो. 'शब्द' म्हणजे झाइन असं मी म्हणणार नाही. ती मंडळी कुणाचे चाहते नव्हती, ती मराठी कविता मुळापासून हलवत होती. पण हात शाईने भरणं, प्रती मोजणं आणि ओळखीतून वाटणं, हे सगळं तेच होतं.

त्याच्याही मागे गेलं की यंत्र संपतं आणि हस्तलिखित सुरू होतं. अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात असताना साने गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय' दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. प्रत एकच, वाचणारे सगळे. शाळा-कॉलेजांतली हस्तलिखितं याच वाटेची: सुंदर अक्षर असलेल्या मुलीकडे लेखन, चित्रकला बरी असलेल्याकडे मुखपृष्ठ, आणि रेशमी दोऱ्याने शिवलेला अंक वर्गभर फिरून वर्षअखेरीला कपाटात. जपानमध्येही असंच दिसतं. आज तिथे दोजिन्शी म्हणून चित्रकथांच्या घरगुती पुस्तकांचे मोठमोठे बाजार भरतात, पण तिथल्या कुळाची सुरुवात जिथून सांगतात ते 1885 चं 'गराकुता बुन्को' आधी हाताने लिहून सभासदांत फिरवलं जायचं. गराकुता म्हणजे अडगळ. लंडनच्या मुद्रकाने आपल्या अंकाला कोठार म्हटलं, तोक्योच्या विद्यार्थ्यांनी अडगळीचा संग्रह. मला दुसरं नाव जवळचं वाटतं.

मधल्या काळात झेरॉक्स गल्लीच्या तोंडाशी आलं आणि सायक्लोस्टाइल माळ्यावर गेलं. पण त्याचं नातवंड परतलंय. तोक्योच्या 1946 सालच्या रिसो कंपनीचं रिसोग्राफ हे यंत्र शाळा-कचेऱ्यांसाठी बनलेलं. बाहेरून झेरॉक्ससारखं दिसतं, पोटात मात्र स्टेन्सिल. उष्णतेने स्टेन्सिलला भोकं पडतात, ती शाईच्या ड्रमभोवती गुंडाळली जाते, आणि एका वेळी एक रंग उतरतो. दुसऱ्या रंगासाठी ड्रम बदलून कागद पुन्हा घालावा लागतो, आणि तो पहिल्या जागी तंतोतंत कधी बसत नाही. मी भांड्यांचा दुसरा अंक रिसोवर काढला, निळा आणि केशरी. एका पानावर केशरी थर अर्ध्या मिलिमीटरने सरकला, आणि तांब्याच्या काठाशी कागदाची पांढरी रेघ उघडी राहिली. खऱ्या तांब्यावर ऊन पडतं ते नेमकं तिथेच. त्या प्रती मी बाजूला काढून ठेवल्या आणि आधी वाटल्या.

वाटणं मी शिकले ते मुंबईत 'बॉम्बे झाइन फेस्ट'सारख्या ठिकाणी जाऊन. टेबलावर कुणी तीस-चाळीस रुपयांना विकतं, पण खरी चाल अदलाबदलीची आहे: तुझं एक दे, माझं एक घे. कलेच्या शिक्षणात मला चित्र भिंतीवर लावायला शिकवलं गेलं होतं. चित्र हातात द्यायचं, आणि ते घेणाऱ्याने तिथेच उभं राहून पानं उलटताना बघायचं, हा अनुभव मला पदवीच्या चार वर्षांत मिळाला नव्हता. परातीवरचं नाव दिसलं की लोक थांबतात. "आमच्याकडेही आहे अशी," म्हणतात आणि मग त्यांच्या घरातलं एखादं नाव सांगतात, जे मी वहीच्या मागे लिहून घेते.

गर्न्सबॅकचं वाचल्यावर दुसऱ्या अंकाच्या शेवटच्या चौकोनात मी टपालाचा पत्ता घातला. तीन आठवड्यांनी सांगलीहून एक पोस्टकार्ड आलं. पाठवणाऱ्या बाईंनी मजकुराच्या जागी एका कळशीचं चित्र काढलं होतं, पेन्सिलने, थोडं कललेलं. कळशीच्या गळ्याशी त्यांनी आपल्या आईचं माहेरचं नाव लिहिलं होतं, आणि ते अक्षरांनी नाही, बॉलपेन टोचून टोचून काढलेल्या ठिपक्यांनी. कार्ड उलटं केलं की पत्त्याच्या बाजूला ते नाव बोटाला लागतं. तिसऱ्या अंकाचं पहिलं पान तेच आहे.