हाताळणीचा ताण : गोड्या पाण्यातील कोळंबी
पकडणे, मोजणे, वाहून नेणे आणि पाण्याचे तापमान एकदम बदलणे यांमुळे पाळलेल्या कोळंबीवर येणारा ताण. जंबो कोळंबीच्या (मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी) अळ्या निमखाऱ्या पाण्यातच वाढतात. त्यामुळे समुद्रापासून दूर असलेल्या बीड जिल्ह्यातील शेततळ्यात ती सोडायची, तर बीजाला म्हणजे तिच्या पिल्लांना प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून लांबचा प्रवास घडतो. या ताणाने डोळ्यांच्या देठांतून संप्रेरक स्रवते, रक्तद्रवातील साखर वाढते आणि रोगाशी झुंजणाऱ्या पेशी घटतात. मग एरवी पाण्यात निमूट असणारे एरोमोनाससारखे जीवाणूही जिवावर उठतात. काचेसारखी पारदर्शक शेपटी दुधाळ दिसू लागली, की आतले स्नायू मरू लागलेले असतात. मात्र नोडाव्हायरसच्या लागणीतही शेपटी अशीच पांढरी पडते, म्हणून तपासणीवाचून औषध टाकणे चूकच. नुकतीच कात टाकलेली, मऊ कवचाची कोळंबी तर हाताळूच नये. बीडच्या उन्हाळ्यात तळ्याचे पाणी आटते, तापते; ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे कोळंबीने तग धरणे कठीण. बीज सकाळी गारव्यात आणावे, पिशव्या १५-२० मिनिटे तळ्यावर तरंगू द्याव्यात, मग त्यांत थोडे थोडे तळ्याचे पाणी मिसळावे आणि बीज आपणहून बाहेर पडू द्यावे.