'लाईन गेली' म्हणजे नक्की काय गेलं? वऱ्हाडात मुरलेल्या एका इंग्रजी शब्दाची गोष्ट

पुण्या-मुंबईत वीज गेली की 'लाईट गेली' म्हणतात. अकोला जिल्ह्यातल्या बाळापुरात मात्र सहसा 'लाईन' जाते. "लाईन आली काय?" हा प्रश्न इथे कोणालाही विचारा, रांग किंवा फोन कोणाच्या डोक्यातही येणार नाही. मूळ इंग्रजी शब्दाला मात्र 'वीजपुरवठा' हा अर्थ नाही. तो आपण दिला!

शब्दाचं मूळ जवसात

'लाईन'चं मूळ लॅटिन 'लिनिया', म्हणजे लिननच्या सुताची दोरी. तीही 'लिनम'वरून, म्हणजे जवसाच्या झाडावरून आलेली. लिनन कापड याच झाडाच्या धाग्याचं. वऱ्हाडात ज्याची चटणी खातात, तेच हे जवस. गवंडी भिंत सरळ रेषेत यावी म्हणून जी 'लाईनदोरी' ताणतो, तिच्यात शब्दाचा सर्वात जुना अर्थ अजून टिकून आहे.

एक शब्द, किती अर्थ?

• रांग : रेशन दुकानासमोरची लाईन.
• रेल्वेमार्ग : बाळापूरला स्टेशन नाही; भुसावळ-नागपूर लाईनवरचं पारस हे जवळचं स्टेशन.
• वस्ती : पोलीस लाईन, अकोल्यातली सिव्हिल लाईन. इंग्रजी अमलात अधिकाऱ्यांचे बंगले शहराबाहेर वसवले, त्यातून हे नाव रूढ झालं.
• शिक्षण किंवा धंदा : "पोरानं कोणती लाईन घेतली?"
• वागणूक : 'लाईनीवर येणे', म्हणजे ताळ्यावर येणे.
• आणि कॉलेजच्या कट्ट्यावरची 'लाईन मारणे' सांगायला नकोच.

विजेची लाईन

बाळापूर तालुक्यातच पारसचं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. तरीही शेतकऱ्याचं वेळापत्रक 'दिवसाची लाईन' की 'रातची लाईन' यावर ठरतं, कारण शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळते. रातची लाईन म्हणजे अंधारात, साप-विंचवातून ओलिताला जाणं. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. त्या नावातली 'वाहिनी' म्हणजे लोकांची 'लाईन'च! खांबावर चढणारा कर्मचारीही महावितरणच्या भाषेत 'जनमित्र', पण गावासाठी 'लाईनमन'.

इथे मात्र सावध!

'लाईन' म्हणजे तारही आणि तारेतली वीजही. वादळात तार तुटून पडते, घरातले दिवे बंद होतात आणि कोणीतरी म्हणतं, "लाईन गेली हाये, काही होत नाही." हाच गोंधळ जिवावर बेततो. घरात वीज नसली तरी पडलेल्या तारेत ती असू शकते. पुरवठा कोणत्याही क्षणी परत सुरू होऊ शकतो, किंवा शेजारच्या जनरेटरमधून उलटा प्रवाह येऊ शकतो. तारेजवळच्या ओल्या जमिनीतही करंट उतरतो.

म्हणून तार काठीनेही हलवू नका. लांब राहा, जनावरं आणि मुलं दूर ठेवा आणि १९१२ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. महावितरणचा माणूस स्वतः येऊन 'बंद केली' म्हणेपर्यंत लाईन चालूच आहे असं समजा.