माल्टयुक्त दुग्धपेये

माल्टयुक्त दुग्धपेये : मोड आणून वाळविलेल्या सातूचा (बार्लीचा) अर्क, गव्हाचे पीठ व दूध यांचे मिश्रण आटवून केलेल्या भुकटीपासून तयार होणारी पेये. ही भुकटी गरम पाण्यात किंवा दुधात कालवून घेतात. काही प्रकारांत कोको, साखर, जीवनसत्त्वे व खनिजे घातलेली असतात. हॉर्लिक्स, ओव्हल्टीन, बोर्नव्हिटा, मायलो ही या वर्गातील परिचित नावे होत. माल्ट, धान्याचे पीठ व दूध हा या भुकटीचा गाभा सुमारे दीड शतक टिकून राहिला. तिच्या आरोग्यविषयक गुणांचे दावे मात्र काळानुसार बदलत गेले.

माल्टक्रिया : सातूचे दाणे भिजवून काही दिवस मोड येऊ दिले म्हणजे दाण्यातील अमायलेज गटाची एंझाइमे कार्यक्षम होतात. नंतर दाणे भट्टीत वाळवून त्यांची वाढ थांबवितात. हाच माल्ट होय. माल्टचे व गव्हाचे पीठ गरम पाण्यात ठराविक तापमानात ठेवल्यास स्टार्चचे माल्टोज ही शर्करा व डेक्स्ट्रिने यांत रूपांतर होते. हा गोड द्रव गाळून त्यात दूध मिसळतात, निर्वात पात्रात आटवितात आणि वाळवून दळतात. माल्टमधील स्टार्चविघटक द्रव्य १८३३ मध्ये आन्सेल्म पेयां व झां-फ्रांस्वा पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे केले व त्याला डायास्टेज हे नाव दिले. अन्नाच्या पचनाचा काही भाग ते खाण्यापूर्वीच घडवून आणता येतो, ही कल्पना या पेयांच्या मुळाशी आहे.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात यूरोप व अमेरिकेतील वाढत्या शहरांत आईचे दूध न मिळणाऱ्या अर्भकांच्या पोषणाची समस्या बिकट होती. शहरात येणारे गाईचे दूध पुष्कळदा दूषित असे आणि पिठाची पेज तान्ह्या मुलांना नीट पचत नसे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिक यांनी १८६५ मध्ये गव्हाचे पीठ, माल्टचे पीठ, गाईचे दूध व पोटॅशियम बायकार्बोनेट यांपासून अर्भकांसाठी अन्न तयार करण्याची कृती प्रसिद्ध केली. ती घरी करणे किचकट असल्याने तयार भुकटीला मागणी आली. इंग्लंडमध्ये मेलिन यांचे अर्भकान्न याच तत्त्वावर आधारलेले होते. तेथे काम केलेले औषधविक्रेते जेम्स हॉर्लिक १८७३ मध्ये अमेरिकेस आपला भाऊ विल्यम याच्याकडे गेले. दोघांनी प्रथम शिकागो येथे व नंतर विस्कॉन्सिन राज्यातील रॅसीन येथे उत्पादन सुरू केले. दूध भुकटीतच समाविष्ट असलेल्या व केवळ गरम पाण्यात कालविता येणाऱ्या पदार्थाचे एकस्व त्यांना १८८३ मध्ये मिळाले. जेम्स १८९० मध्ये लंडनला परतले आणि १९०८ मध्ये स्लाउ येथे कारखाना उभा राहिला.

अर्भकान्न म्हणून या पदार्थांवरील विश्वास फार काळ निर्वेध राहिला नाही. अमेरिकन पीडिअ‍ॅट्रिक सोसायटीने १८९८ मध्ये अर्भकांतील स्कर्व्हीच्या ३७९ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील निम्म्याहून अधिक मुले बाजारात मिळणाऱ्या तयार अन्नांवर वाढलेली आढळली. क जीवनसत्त्वाचा शोध तेव्हा लागलेला नव्हता. उष्णतेने व वाळविण्याने ते नष्ट होते आणि त्यामुळे ‘पचण्यास सोपे’ अन्न ‘पुरेसे’ अन्न ठरत नाही, हे पुढे स्पष्ट झाले.

दरम्यान, हलकी व टिकाऊ असल्याने ही भुकटी प्रवासी व सैनिक यांच्या शिध्यात गेली. स्कॉट व आमुनसेन यांच्या ध्रुवीय मोहिमांत ती होती. विल्यम हॉर्लिक यांनी रिचर्ड बर्ड यांच्या मोहिमेस साहाय्य केले. अंटार्क्टिकातील हॉर्लिक पर्वत त्यांच्याच नावाने ओळखला जातो. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आल्बेर्ट व्हांडर यांनी १९०४ मध्ये माल्ट, दूध, अंडी व कोको यांचे ओव्होमाल्टीन बाजारात आणले. इंग्लंडमध्ये तेच ओव्हल्टीन या नावाने रूढ झाले. मायलो हे पेय ऑस्ट्रेलियात टॉमस मेन यांनी १९३४ मध्ये तयार केले.

जाहिरात आणि दावे : अर्भक व रुग्ण यांच्यापुरती बाजारपेठ मर्यादित असल्याने उत्पादकांना निरोगी माणसालाही या पेयाची गरज आहे, हे पटविणे भाग पडले. १९३० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये हॉर्लिक्सच्या जाहिरातींनी ‘रात्रीची उपासमार’ ही संकल्पना रूढ केली. झोपेत शरीर उपाशी राहते, म्हणून माणूस सकाळी थकलेला उठतो व निजण्यापूर्वीचे पेय हा त्यावर उपाय, असे तिचे स्वरूप होते. वस्तुतः निरोगी व्यक्तीच्या रक्तातील शर्करेची पातळी रात्रभर राखण्याचे कार्य यकृत करीत असते; त्यामुळे या नावाचा आजार वैद्यकात नाही. तथापि निजण्यापूर्वीचे दुग्धपेय अगदीच निष्प्रभ असते असेही नाही. एडिंबरो येथील संशोधकांनी १९७२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हॉर्लिक्स घेतल्यानंतर विशेषतः प्रौढ व्यक्तींची झोप कमी मोडल्याचे आढळले. प्रयोगातील व्यक्तींची संख्या मात्र लहान होती.

अमेरिकेत याच भुकटीची वाट निराळी झाली. शिकागोतील एका औषधदुकानाच्या पेयविभागात १९२२ मध्ये तिच्यात आइसक्रीम घालण्यात आले आणि रुग्णांचे अन्न तरुणांच्या चैनीचे पेय बनले.

भारतात : भारतात मात्र या पेयांचे औषधी वलय टिकून राहिले. बोर्नव्हिटा येथे १९४८ मध्ये आले. पंजाबातील नाभा येथे १९६० मध्ये हॉर्लिक्सचा कारखाना सुरू झाला व तेथे म्हशीचे दूध वापरण्यात आले. दुधाचा तुटवडा असलेल्या दक्षिण व पूर्व भारतात या पेयांचा खप विशेष होता. आजाऱ्याला भेटावयास जाताना अशी बाटली नेण्याची पद्धत पडली. पुढे जाहिरातींचा रोख शाळकरी मुलांकडे वळला व उंची, बळ आणि बुद्धी वाढण्याची आश्वासने दिली जाऊ लागली. मुले अधिक उंच, बळकट व तल्लख होतात, असे सांगणारी बांगलादेशासाठी केलेली हॉर्लिक्सची जाहिरात ब्रिटनमध्येही दिसली; तेथील जाहिरात मानक संस्थेने २००८ मध्ये ती अमान्य केली.

पोषणमूल्य : भारतीय अन्नसुरक्षा विनियमांत (२०११) कोकोविरहित माल्टयुक्त दुग्धान्नात किमान १२·५ टक्के प्रथिने व ७·५ टक्के वसा असावी, असे ठरविण्यात आले, ज्यात दूध घालणे ऐच्छिक आहे अशा माल्टाधारित अन्नासाठी प्रथिनांची किमान मर्यादा ७ टक्के आहे. या किमान प्रमाणानुसार २० ग्रॅ. दुग्धान्नातून सु. २·५ ग्रॅ. व माल्टाधारित अन्नातून सु. १·४ ग्रॅ. प्रथिने मिळतात. ज्या २०० मिली. गाईच्या दुधात ती मिसळतात, त्या दुधातच सु. ६ ते ७ ग्रॅ. प्रथिने असतात. म्हणजे पेल्यातील पोषणाचा मोठा भाग दुधाचा असतो. भुकटीत घातलेले लोह व जीवनसत्त्वे त्यांची उणीव असलेल्या मुलांना उपयुक्त ठरू शकतात. परंतु तो गुण त्या पूरकांचा होय, माल्टचा नव्हे. भुकटीच्या चवीने मूल दूध पिऊ लागते, हा लाभही खरा आहे. त्याची किंमत साखरेच्या रूपाने मोजावी लागते. भारतातील बोर्नव्हिटामधील घातलेल्या साखरेचे प्रमाण २०२३ च्या अखेरीस १०० ग्रॅममागे ३७·४ ग्रॅमवरून ३२·२ ग्रॅमवर आणण्यात आले. तत्पूर्वी राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने उत्पादकांना नोटीस दिली होती. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाने अशी पेये ‘आरोग्यपेय’ या वर्गात दाखवू नयेत, असे ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळविले. कारण अन्नसुरक्षा कायद्यात (२००६) अशा वर्गाची व्याख्याच नव्हती. हॉर्लिक्सच्या उत्पादकांनीही त्याच महिन्यात आपल्या वर्गाचे नाव बदलले.

माल्टक्रियेचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. महाराष्ट्रात मोड आणलेल्या नाचणीचे सत्त्व लहान मुलांना व आजारातून उठलेल्यांना देण्याची जुनी प्रथा आहे. मोड आलेल्या धान्याचे थोडे पीठ घट्ट लापशीत घातल्यास ती पातळ होते. त्यामुळे लहान पोटाच्या मुलालाही तेवढ्याच घासांत अधिक अन्न मिळते. बडोदे येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० नंतरच्या दशकात या तत्त्वावर संशोधन झाले. लीबिक यांनी ज्या अडचणीवर उपाय शोधला, तिच्यावरील हा उपाय मूठभर धान्यात व घरच्या घरी होऊ शकतो. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाने दूध, डाळ, अंडी वा फळे यांवरील खर्च कमी करून बाटलीतील भुकटी घेणे पोषणाच्या दृष्टीने हिताचे नाही. समतोल आहारातील एक रुचकर जोड एवढेच या पेयांचे स्थान होय.