हॅशच्या आडचा पत्ता

सातारा-सांगलीकडे शेताचा पत्ता सांगायचा क्रम ठरलेला आहे: जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर, हिस्सा. सर्व्हे नंबर इंग्रजी अमदानीतल्या मोजणीने दिले, गट नंबर १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर आले. मोठ्यातून लहानाकडे उतरत जाण्याची रीत मात्र तीच राहिली. अंधेरीतला पुतण्या सातबाराच्या संकेतस्थळावर याच क्रमाने एकेक नाव निवडत उतारा काढतो आणि वरची लिंक विट्याच्या काकांना व्हॉट्सॲपवर धाडतो. काकांच्या फोनवर उघडतं ते पहिलंच पान. पडदा बदलत गेला, पण वरच्या पत्त्याला त्याची खबरच नव्हती. शेवटी पुतण्या स्क्रीनशॉट पाठवतो.

जमिनीच्या नोंदी अशा सहज फिरू नयेत, असं कुणी म्हणेल आणि ते बरोबरही असेल. पण नकाशा, बाजारभाव, बातम्या यांच्या बाबतीतही वेबवर बरीच वर्षं हाच घोळ चालू होता. त्यातून बाहेर पडायची वाट एका किरकोळ चिन्हाने दाखवली.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्न संस्थेत वेबची कल्पना मांडली, तेव्हा हिशेब सोपा होता: एक दस्तऐवज, एक पत्ता. या पत्त्याचे, म्हणजे यूआरएलचे, नियम डिसेंबर १९९४ मध्ये पक्के झाले. तिरप्या रेघांनी खाली उतरत जाणारी वाट ही त्याची मुख्य रचना. सर्वांत शेवटी हॅश, म्हणजे ‘#’. लांबलचक पानातल्या अमुक परिच्छेदापाशी थेट नेऊन सोडणं, एवढंच त्याचं काम. त्याची गंमत अशी की हॅशच्या पुढचा मजकूर ब्राउझर सर्व्हरला कळवतच नाही, स्वतःपाशी ठेवतो.

मग पानांचे प्रोग्रॅम होऊ लागले. पान न बदलता सर्व्हरकडून मागच्या मागे माहिती आणायची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये आणली होती. तिचा खरा बोलबाला झाला तो २००४ च्या जीमेलने आणि २००५ च्या गूगल मॅप्सने. २००५ च्याच फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं. नकाशा आता बोटासरशी सरकत होता. पण सातारा शोधून, अजिंक्यताऱ्यापर्यंत सरकवून मग पत्ता पाहिला, तर तो होता तिथेच. म्हणून गूगलला नकाशाच्या बाजूला ‘या पानाची लिंक’ असं वेगळं बटण द्यावं लागलं. मागे जायचं बटण दाबलं, तर माणूस कधीकधी संकेतस्थळाबाहेरच फेकला जाई.

इथे जुना हॅश कामी आला. तो बदलला तर पान नव्याने येत नाही, पण ब्राउझरच्या इतिहासात नोंद होते. प्रोग्रॅमर मंडळींना याहून अधिक काय हवं! जीमेलच्या पत्त्यात हॅशनंतर ‘इनबॉक्स’ लिहिलेलं आजही दिसतं, तो याच जुगाडाचा वारसा.

मात्र सर्व्हरला हॅशपुढचं काहीच कळत नसल्याने गूगलच्या शोधयंत्रालाही आतली पानं दिसेनात. त्यावर २००९ मध्ये गूगलने ‘#!’ या जोडचिन्हाचा तोडगा सुचवला. ट्विटरने २०१० मध्ये तो उचलला, गॉकर या ब्लॉगसमूहाच्या संकेतस्थळांनीही उचलला. फेब्रुवारी २०११ मध्ये गॉकरची पान उभं करणारी जावास्क्रिप्ट बिघडली आणि सगळी संकेतस्थळं कोरी पडली. लेख सर्व्हरवर सुखरूप होते, त्यांच्यापर्यंत नेणारी वाट तेवढी तुटली होती. ट्विटरने २०१२ मध्ये हा मार्ग सोडला.

तोवर खरा उपाय आला होता. एचटीएमएल ५ मधल्या ‘पुशस्टेट’ने पान न बदलताही संकेतस्थळाच्या नावापुढचा पूर्ण पत्ता बदलता येऊ लागला. क्रोम आणि सफारीत तो २०१० मध्ये आला, फायरफॉक्समध्ये २०११ मध्ये. गिटहबने लगेच वापरला. यात मेख एकच: असा पत्ता कुणी थेट उघडला, तर तो सर्व्हरकडेच जातो. कुठलीही आतली वाट मागितली तरी मूळ ॲपच पाठवायचं, हे सर्व्हरला बजावलेलं नसेल तर ‘४०४’, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ हा निरोप, हातात पडतो. नवशिके अजूनही हमखास इथेच ठेचकाळतात. ॲप पोचल्यावर त्यातला राउटर नावाचा भाग पत्ता वाचून योग्य पडदा उभा करतो.

पत्त्यात काय घालायचं, हा मात्र तारतम्याचा भाग आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे भाव दाखवणारं पान असेल, तर तारीख आणि प्रत पत्त्यात हवीच. त्या प्रश्नचिन्हानंतर लिहायची पद्धत आहे. लॉगिनची खूण तिथे कदापि नको, नाहीतर लिंकबरोबर खात्याची किल्लीही जाईल. गूगल मॅप्स आता हे चोख करतं. सातारा शहर पाहताना ‘@’च्या पुढे १७.६८ आणि ७३.९९ च्या आसपासचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, आणि त्यापुढे नकाशा किती जवळून पाहायचा तो आकडा दिसतो.

नकाशा सरकला की हे आकडे बदलतात, पण प्रत्येक बदलाची इतिहासात नोंद केली तर मागे यायला बटण बडवत बसावं लागेल. म्हणून तिथे ‘पुशस्टेट’ऐवजी जुन्या नोंदीवरच नवी लिहिणारी ‘रिप्लेसस्टेट’ वापरतात. तीही बेताने: काही सेकंदांत शंभराहून जास्त वेळा पत्ता बदलू पाहिला, तर सफारी सरळ नकार देतो.